जंताची गोळी दिली, डासांचे काय?

कोल्हापूर : सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांविषयी दिलेल्या सुधारित आदेशात तीन शब्द एकापाठोपाठ आले होते. निर्बीजीकरण, जंतनिर्मूलन आणि लसीकरण. या तिन्ही गोष्टी करून कुत्र्याला त्याच्या मूळ ठिकाणी सोडावे, रेबीजची लागण झालेल्या वा आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडू नये, असे न्यायालयाने सांगितले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांबाबत अधिक कठोर भूमिका घेण्यात आली. देशभर चर्चा रंगली ती निर्बीजीकरणाची आणि रेबीजची, आणि चावलेल्या कुत्र्याची धास्ती घेतलेल्या शहरांत ते स्वाभाविकही होते. मधला शब्द मात्र चर्चेतून निसटला. जंतनिर्मूलन म्हणजे पोटातील जंतांची गोळी, एवढाच त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो.

या गोळीने आतड्यातील गोल जंत, आकडेजंत आणि पट्टकृमी पडतात. ते आवश्यकच आहे. परंतु कुत्र्याच्या शरीरात आतड्याच्या बाहेर राहणारे कृमीही असतात. एक फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयात राहतो, दुसरा कातडीखाली. दोघांचीही पिल्ले रक्तातून फिरतात, डास ती शोषून घेतो आणि दुसऱ्या कुत्र्याला, मांजराला, कधी माणसाला पोहोचवतो. नेहमीच्या जंताच्या गोळीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे शस्त्रक्रिया झालेला, लस टोचलेला, कानाला खूण केलेला कुत्रा सरकारी अर्थाने ‘निर्जंत’ होऊन गल्लीत परततो आणि त्याच्या रक्तातील कृमींची पिल्ले संध्याकाळच्या डासांची वाट पाहत राहतात.

इंटरनेटवर पाळीव प्राण्यांविषयी वाचणाऱ्यांना ‘हार्टवर्म’ हा शब्द नवा नाही. ‘दर महिन्याला गोळी द्या, वर्षातून एकदा तपासणी करा’ हा अमेरिकन हार्टवर्म सोसायटीचा सल्ला आहे आणि तो तेथील परिस्थितीला धरून आहे. तो जसाच्या तसा राजारामपुरीत वा नागाळा पार्कात उतरवला, की दोन प्रकारची माणसे तयार होतात. एक घाबरून मिळेल ते औषध देणारी, आणि दुसरी हे सारे अमेरिकेचे खूळ म्हणून झटकून टाकणारी. दोन्ही चुकतात, कारण आपल्याकडील प्रश्न थोडा निराळा आहे.

दोन भाऊबंद

हार्टवर्मचे शास्त्रीय नाव डायरोफिलारिया इमिटिस. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, जाडीने शेवयीएवढी. बाधा अधिक असेल तर कुत्र्याच्या फुप्फुसाच्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात अशा शेवयांचा गुंताच सापडतो. कुत्रा खोकतो, चटकन दमतो, वजन घटते, पोटात पाणी होते. शेवटी हृदय थकते. मोठा कृमी पाच ते सात वर्षे जगतो. डास चावल्यापासून रक्तात पिल्ले दिसेपर्यंत सहा-सात महिने जातात. त्यामुळे पावसाळ्यात झालेल्या बाधेचा पत्ता पुढच्या उन्हाळ्याआधी लागत नाही. भारतात या कृमीच्या नोंदी आहेत त्या प्रामुख्याने आसाम, मिझोरामसारख्या ईशान्येकडील राज्यांतून.

त्याचा भाऊबंद डायरोफिलारिया रेपेन्स. हा कातडीखाली राहतो. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. कधी खाज, कधी छोटी गाठ, बहुतेकदा काहीच नाही. आणि नेमकी हीच अडचण आहे. ज्याचा त्रास नाही त्याला पशुवैद्यकाकडे कोण नेणार? भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर, विशेषतः केरळात आणि कर्नाटकाच्या मंगळूर-मणिपाल पट्ट्यात, माणसांत आढळलेली डायरोफिलारियाची प्रकरणे प्रामुख्याने याच जातीची आहेत. मुंबईतील कुत्र्यांच्या रक्तातही तो सापडलेला असून, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याची नोंद आहे. मंगळूर आणि मुंबई यांच्या मधल्या पट्ट्यात, घाटमाथ्याच्या या बाजूला, कोल्हापूर येते.

आणखी एक गोष्ट पशुवैद्यकांसाठी महत्त्वाची आहे. हार्टवर्मसाठी बाजारात जी झटपट रक्तचाचणी मिळते, ती इमिटिसच्या मादीचे प्रतिजन ओळखण्यासाठी बनवलेली आहे. रेपेन्स तिच्यात उमटत नाही. परदेशी पट्टी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून कुत्रा डासजन्य कृमींपासून मुक्त आहे, असे म्हणता येत नाही. त्यासाठी रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो.

डासाचा धडा

डास कृमी वाहून नेतो हे विज्ञानाला कळले ते हिवतापाच्या आधी. पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने चीनमधील अमोय बंदरात १८७७ मध्ये हत्तीरोगाच्या कृमींची पिल्ले डासाच्या पोटात वाढताना पाहिली. पण पुढे त्याचा तर्क घसरला. डास पाण्यात पडून मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला बाधा होते, असे त्याला वाटले. याच मॅन्सनच्या प्रोत्साहनाने रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला. कृमी डासाच्या सोंडेतूनच बाहेर पडतो, हे १९०० च्या सुमारास स्पष्ट झाले. इटलीत ग्रास्सी आणि नोए यांनी ते दाखवले ते कुत्र्याच्या हार्टवर्मवरच.

डास कुत्र्याला चावतो तेव्हा रक्ताबरोबर पिल्ले त्याच्या पोटात जातात. ती लगेच दुसऱ्याला देता येत नाहीत. उबदार हवेत दहा ते चौदा दिवस ती डासाच्या शरीरात वाढतात, कात टाकतात आणि मग सोंडेत येऊन थांबतात. पुढच्या चाव्याच्या वेळी ती लाळेतून टोचली जात नाहीत. सोंडेतून त्वचेवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. तापमान १४ अंशांच्या खाली राहिले तर डासाच्या शरीरातील ही वाढ थांबते. थंड देशांत हिवाळ्याची सुटी मिळते ती यामुळे. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे स्वेटर निघतात खरे, पण दुपारी ते काढून ठेवावे लागतात. कृमीला येथे सुटी नाही.

कुत्र्याला कुरवाळल्याने, त्याने चाटल्याने वा चावल्यानेही हा कृमी माणसाला होत नाही. मध्ये डास हवाच, आणि त्या डासाच्या पोटात ते दहा-चौदा दिवस गेलेले हवेत. म्हणूनच ज्याच्या घरी कुत्रा नाही त्यालाही बाधा होऊ शकते. डास शेजारच्या अंगणातून येतो.

माणसाच्या शरीरात या कृमीची वाट चुकते. बहुतेक वेळा एकच कृमी पोहोचतो, पूर्ण वाढत नाही, त्याची पिल्ले रक्तात उतरत नाहीत. रेपेन्स असेल तर पापणीवर सूज येते, कधी डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखाली दोऱ्यासारखे काहीतरी वळवळताना रुग्णालाच आरशात दिसते. गालावर, हातावर, छातीवर गाठ येऊ शकते. शस्त्रक्रियेने कृमी काढला की बहुधा प्रश्न मिटतो. इमिटिस असेल तर तो फुप्फुसाच्या छोट्या रक्तवाहिनीत अडकून मरतो आणि त्याभोवती नाण्याएवढी गोल गाठ तयार होते. रुग्णाला बऱ्याचदा काहीच होत नसते; कशासाठी तरी काढलेल्या एक्स-रेमध्ये डाग दिसतो. भारतात असे फुप्फुसातील प्रकरण १९८९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे.

असा डाग दिसला की आपल्याकडे पहिली शंका क्षयाची, दुसरी कर्करोगाची. दोन्ही शंका योग्यच आहेत आणि डॉक्टरांनी त्या घेतल्याच पाहिजेत. परंतु गाठ काढून तपासल्यावर आत मेलेला कृमी निघाल्याची उदाहरणे जगभर आहेत. त्या रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी मधले काही आठवडे कर्करोगाच्या छायेत काढलेले असतात. या कृमीने माणसे सहसा मरत नाहीत. पण म्हणून तो किरकोळ ठरत नाही.

नाला आणि बादली

साठहून अधिक जातींच्या डासांत हार्टवर्मची वाढ होऊ शकते. आपल्या शहरात त्यातील दोन गट महत्त्वाचे. एडिस हा दिवसा चावणारा, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढणारा. डेंगी, चिकनगुनिया आणि झिका पसरवणारा. क्युलेक्स हा रात्री चावणारा, गटार-नाल्याच्या घाण पाण्यात वाढणारा, हत्तीरोगाचा वाहक. कुत्र्याच्या कृमीला दोन्ही चालतात.

महापालिकेची यंत्रणा गेल्या काही वर्षांत एडिसच्या मागे लागलेली आहे आणि त्याला कारणही आहे. डेंगी दरवर्षीचा पाहुणा झाला आहे, इचलकरंजीत २०२३ मध्ये झिकाचे रुग्ण सापडले. म्हणून कर्मचारी घरोघरी जाऊन बॅरल, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्या तपासतात. कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन होते. या मोहिमेने बादलीतला डास कमी होतो. नाल्यातला डास मात्र आपल्या जागी शाबूत राहतो. जयंती नाला, दुधाळी नाला ही नावे कोल्हापूरकरांना प्रदूषणाच्या बातम्यांतून पाठ आहेत. कसबा बावड्यात ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले, पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. या साऱ्या वादात नाला म्हणजे नदी बिघडवणारा असा विचार झाला. नाला म्हणजे डासांचे पाळणाघर असा विचार क्वचितच झाला. धूर फवारणीची गाडी गल्लीतून गेली की नागरिकांना समाधान वाटते. त्या धुराने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात, आणि आठवड्याभरात नवी फौज बाहेर पडते.

पुराचेही तसेच. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. वाहत्या पुरात अळ्या वाहून जातात. खरा काळ सुरू होतो तो पाणी ओसरल्यावर, जेव्हा तळघरांत, सखल मोकळ्या जागांत आणि तुंबलेल्या गटारांत ते आठवडेच्या आठवडे साचून राहते. पुराच्या वेळी कुत्रीही हलतात, काही स्वतःहून, काही स्वयंसेवकांच्या बोटींतून.

अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स परिसरातून सोडवलेली हजारो कुत्री देशभरच्या कुटुंबांनी दत्तक घेतली. पुढे झालेल्या अभ्यासात तपासलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्म्यांत हार्टवर्म आढळला. भूतदयेच्या गाड्यांतून कृमीही नव्या राज्यांत गेला. आपल्याकडे गोव्यातून, कोकणातून, बंगळूरहून पिल्ले आणि मोठी कुत्रीही आणली जातात. आणताना लसीकरणाची पुस्तिका विचारली जाते. रक्ताच्या थेंबाची विचारणा होत नाही.

कोणाच्याच वहीत नाही

कोल्हापुरात हा प्रश्न किती आहे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर कोणत्याच कार्यालयात मिळणार नाही, कारण तो कोणाच्याच जबाबदारीत बसत नाही. राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात सहा आजार आहेत : हिवताप, डेंगी, चिकनगुनिया, हत्तीरोग, काळा आजार आणि जपानी मेंदूज्वर. कुत्र्याचा कृमी त्यात नाही. हत्तीरोगाचे उद्दिष्ट देशाने २०२७ पर्यंत गाठायचे ठरवले आहे. सिंधुदुर्ग आणि सोलापूर हे जिल्हे हत्तीरोगग्रस्तांच्या यादीत आले, कोल्हापूर आले नाही. त्या जिल्ह्यांत रात्री रक्तनमुने घेणारी पथके फिरली, कारण हत्तीरोगाची पिल्ले रक्तात रात्रीच येतात. कोल्हापुरात असा नमुना घेण्याचे सरकारी कारणच उरले नाही.

पशुवैद्यकीय व्यवस्थेचे लक्ष या जिल्ह्यात गायी-म्हशींकडे आहे. ते समजण्यासारखे आहे; येथील अर्थकारण दुधावर चालते. कुत्र्यांचे दवाखाने बहुतांशी खासगी आहेत आणि तेथे येणारा तापलेला, मलूल कुत्रा आधी गोचीडतापाचा संशयित ठरतो, तेही बहुधा बरोबरच. तिकडे डोळ्यांच्या डॉक्टरने पापणीतून कृमी काढला तर तो बाटलीत जातो, फार तर एखाद्या परिषदेत त्याचे छायाचित्र दाखवले जाते. तो कृमी कुठल्या गल्लीतील कुत्र्याकडून आला असेल, हा प्रश्न डॉक्टरने पशुवैद्यकाला आणि पशुवैद्यकाने महापालिकेच्या डास विभागाला विचारण्याची सोयच नाही.

औषधाचा मोह

प्रतिबंधक औषध आहे आणि ते प्रभावीही आहे. आयव्हरमेक्टिन हे त्यातील जुने नाव. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले. कोविडच्या काळात हे नाव घरोघरी पोहोचले. गोवा सरकारने मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना ते देण्याचे जाहीर केले होते, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याच्या विरुद्ध होता. आज ते औषध गोठ्याशेजारच्या दुकानातही मिळते, आणि धोका तेथेच आहे.

हार्टवर्म रोखण्यासाठी कुत्र्याला महिन्यातून एकदा लागणारी मात्रा वजनाच्या दर किलोला सहा मायक्रोग्रॅम एवढी असते. दहा किलोच्या कुत्र्याला साठ मायक्रोग्रॅम. जनावरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलीलिटरमध्ये दहा हजार मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे दीडशे पटींहून अधिक. ‘म्हशीला चालते तर कुत्र्याला काय होतंय’ म्हणून अंदाजाने दिलेले दोन थेंबही चुकू शकतात. कोलीसारख्या काही जातींत हे औषध मेंदूपर्यंत पोहोचते आणि अशा मात्रेत कुत्रा लडखडतो, बेशुद्ध होतो, दगावतोही. शिवाय रक्तात आधीच भरपूर पिल्ले असतील आणि औषधाने ती एकदम मेली, तर कुत्र्याला तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून आधी तपासणी, मग औषध, हा क्रम पाळावा लागतो. मोठे कृमी मारणारे मेलार्सोमिन हे औषध आर्सेनिकयुक्त आहे. त्याच्या उपचारात मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसात अडकण्याचा धोका असल्याने कुत्र्याला आठवडेच्या आठवडे बांधून, शांत ठेवावे लागते. मांजरांना तर ते देतच नाहीत.

पाळीव कुत्र्याच्या मालकाने म्हणूनच पशुवैद्यकाकडे दोन प्रश्न घेऊन जावे. नुसती झटपट पट्टी न वापरता रक्ताचा थेंबही पाहाल का, आणि महिन्याचे औषध सुरू करायचे तर नेमकी किती मात्रा. रात्री कुत्र्याला नाल्याकडेच्या अंगणात न बांधता घरात वा जाळीच्या आत घेणे, हा तिसरा आणि बिनखर्चाचा उपाय.

भटक्या कुत्र्यांना मात्र मालक नाही. महिन्याला गोळी देणे त्यांच्याबाबत अशक्य आहे, हे मान्य करावे लागेल. ‘मग तपासून उपयोग काय’ असा आक्षेप येतो. उपयोग आहे, पण उपचारासाठी नव्हे, नकाशासाठी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. कुत्रा कोणत्या भागातून पकडला याची नोंद तेथे होतेच, कारण तेथेच त्याला सोडायचे असते. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देऊन निजलेला असतो. त्याच वेळी एक मिलीलिटर रक्त घेणे काही कठीण नाही. नऊ मिलीलिटर दोन टक्के फॉर्मॅलिनमध्ये ते मिसळायचे, यंत्रात फिरवायचे, तळाशी बसलेल्या गाळात मिथिलिन ब्लूचा थेंब टाकून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. नॉट पद्धत म्हणून ओळखली जाणारी ही चाचणी कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. पिल्लांची लांबी मोजली की कोणती जात आहे याचा अंदाज येतो, पक्के करायचे तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था हाताशी आहे. शंभर कुत्र्यांच्या काचा वाचल्या, की जयंती नाल्याच्या काठचा आणि टेकडीवरच्या वसाहतीतला फरक दिसू लागेल, आणि अळीनाशक कोठे टाकायचे हे ठरवायला धूर फवारणीच्या तक्रारवहीपेक्षा बरा आधार मिळेल.

या मागणीचा वापर कुत्र्यांविरुद्ध आणखी एक आरोपपत्र म्हणून होण्याची भीतीही आहे. आधीच वातावरण तापलेले असताना ‘कुत्र्यांमुळे डोळ्यात किडे’ असा मथळा द्यायला वेळ लागत नाही. वस्तुस्थिती अशी, की बंगल्याच्या अंगणात रात्रभर बांधलेला जातिवंत कुत्राही भटक्याइतकाच या साखळीत असतो, आणि कुत्री हटवल्याने नाल्यातील क्युलेक्स हटत नाही. त्याला चावायला माणसे उरतातच.

एक तांत्रिक मुद्दा मात्र सुरुवातीलाच ठरवावा लागेल. कृमींची ही पिल्ले रक्तात दिवसाही सापडतात, पण संध्याकाळनंतर त्यांची संख्या वाढते. डासांच्या वेळेशी त्यांनी आपली वेळ जुळवून घेतली आहे. शस्त्रक्रिया होतात सकाळी. तेव्हा रक्त टेबलावर घ्यायचे की कुत्रा आणला त्या दिवशी दिवेलागणीला पिंजऱ्यातच, आणि त्या वेळी तेथे कोण थांबणार, याचे उत्तर आरोग्य विभागाला आणि निर्बीजीकरणाचा ठेका घेणाऱ्या संस्थेला मिळूनच द्यावे लागेल.